मापवहीतली घरटी

सोमवार, ४ मार्च

कामावरच्या काकांनी, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी, आज सगळ्यांसमोर माझं रजिस्टर वर धरलं आणि विचारलं, "हे उंदरांनी लिहिलंय का रे?" सगळे हसले. सगळे म्हणजे काका आणि डबे धुणारा धुलाईवाला, पण हसले. माझा एक कुठला आणि नऊ कुठला हे मलाही नंतर कळत नाही, ते खरं आहे. काका म्हणाले, "इथे डब्याचा आकडा चुकला तर वर्षाचं काम पाण्यात जातं. रोज खोलीवर गेलास की अर्धं पान लिहीत जा. काय वाटेल ते लिही, पण लिही. हात वळेल."

म्हणून लिहितोय. वही ताईची आहे, शिवणाची मापवही. निघताना तिनेच बॅगेत कोंबली. "अर्धी कोरी आहे, आता मला लागत नाही," म्हणाली. पुढून तिची पानं आहेत, गिऱ्हाइकांची मापं. ती मी उघडत नाही, बरं वाटत नाही. वही उलटी करून मागून सुरुवात केलीय. भरत गेली तर कुठेतरी मध्ये भेटू.

अर्धं पान झालं. बास.

बुधवार, ६ मार्च

कामाबद्दल लिहितो, दुसरं काय आहे माझ्याकडे.

संशोधनाची मोठी इमारत आहे. वरच्या मजल्यांवर शिकलेली माणसं, तळघरात उंदीर, आणि उंदरांच्या सेवेला आम्ही तिघं. आत जाताना अंघोळ, मग निळे कपडे, टोपी, तोंडाला पट्टी, हातमोजे. माझे म्हणून फक्त डोळे उरतात. स्वतःच्या लग्नालाही मी एवढी तयारी करणार नाही. पिंजरा म्हणतात पण तो प्लास्टिकचा डबा असतो, वर जाळीचं झाकण. एका डब्यात एक पांढरा उंदीर. माझ्या खोलीत चोवीस डबे. आठवड्यातून दोनदा खालचा लाकडाचा भुसा बदलायचा, रोज दाणापाणी बघायचं, रजिस्टर भरायचं. कोपऱ्यात रेडिओ दिवसभर बारीक आवाजात चालू असतो, म्हणजे उंदरांना माणसाच्या आवाजाची सवय राहते. काका म्हणतात, "बातम्या ऐकून ऐकून हे आपल्यापेक्षा शहाणे झालेत."

काकांना मी मनात घड्याळ म्हणतो. सात म्हणजे सात. सातला दोन कमी असताना आलो तरी मनगटाकडे बघतात.

ताई मला भोवरा म्हणते. गॅरेजमध्ये चार महिने टिकलो, रंगकामात तीन, गोदामात दोन. शाळेत सातवीपर्यंत. या वेळी ताई म्हणाली, "सहा महिने एका जागी राहून दाखव, तुला शर्ट शिवून देते." बोलून गेली. शिवणार कशी?

शुक्रवार, २२ मार्च

मध्ये लिहिलं नाही. काकांनी विचारलं, हात वळतोय का? म्हटलं, वळतोय की. खोटं.

आज चौदा नंबरच्या डब्याचा भुसा बदलताना त्याच्याकडे नीट बघितलं. मागचा उजवा पाय टेकवायचा आणि लगेच उचलायचा. टेकवायचा, उचलायचा. भुशाची एक कपची टोचली तर अंग आखडून घ्यायचा. या सगळ्यांच्याच मांडीतली एक नस मॅडमनी भूल देऊन बांधली आहे. जखम भरते, दुखणं राहतं, आणि त्या दुखण्यावरच औषध शोधायचं चाललंय. हे मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं, बघणं वेगळं.

ताई अशीच बसते. दीड वर्ष झालं. गाडी घसरली, ती माझ्या मागे बसली होती, गुडघ्याखालची नस चेंगरली. हाड जुळलं, जखम भरली, डॉक्टर म्हणाले आता झालं. पण पायावर चादर पडली तरी ती कळवळते. पंख्याचा वारासुद्धा सहन होत नाही. शिवणयंत्राच्या पायट्याचं तर नावच नको. गोळ्यांनी झोप येते, दुखणं जात नाही.

काकांना विचारलं, याला काय नावाने हाक मारायची? म्हणाले, "चौदा. इथे नाव द्यायचं नाही. नाव दिलं की माणूस रडतो, नाहीतर पळतो."

ठीक. चौदा.

बुधवार, ३ एप्रिल

आज मॅडमनी सगळ्यांना इंजेक्शनं दिली, पाठीच्या कण्यात. मॅडम म्हणजे वरच्या संशोधक, हे उंदरांचं काम त्यांचंच. तिशीच्या असतील, इतक्या बारीक की मनात मी त्यांना सुतळी म्हणतो. आल्या की आधी उंदरांशी बोलतात, मग माझ्याशी.

मी डबे एकेक करून पुढे सरकवत होतो. राहवलं नाही.

"मॅडम, हे औषध दुकानात कधी येणार?"

"तुला कशाला रे?"

"असंच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण पुढे विचारलं नाही. मग काम करता करता सांगत गेल्या. दुखण्याच्या नसेवर बारीक बारीक दारं असतात. दार उघडलं की मेंदूला निरोप जातो, दुखतंय. नसेला मार बसला की काहींची दारं लागतच नाहीत. वारा लागला तरी निरोप. आता ही दारं बनवायचा आराखडा प्रत्येक पेशीत असतो, त्याला जनुक म्हणतात. "आम्ही आराखडा फाडत नाही. त्याच्यावर हात ठेवतो. वाचताच आलं नाही तर नवी दारं कमी बनतील."

"आणि हात आत कसा जातो?"

"विषाणूत भरून. त्यातलं आजारी पाडणारं सगळं काढून टाकायचं, नुसतं पाकीट उरतं. त्यात आपला माल."

मी म्हटलं, "म्हणजे फ्रॉकचा कागदी साचा असतो ना, तो फाडायचा नाही, त्याच्यावर इस्त्री ठेवून द्यायची. मग त्यावरून कापड कापता येणार नाही."

मॅडमची सुई हातातच राहिली. "हे मी पुढच्या भाषणात वापरणार," म्हणाल्या. "तुला शिवण कुठून कळतं?"

"घरी बघितलंय."

मी विचारलं, मग सगळीच दारं का नाही बंद करायची? म्हणाल्या, मग हात तव्यावर राहिला तरी कळणार नाही. थोडं दुखायला हवं माणसाला.

चोवीसपैकी बारांना औषध, बारांना रिकामं पाकीट. कुणाला काय ते मॅडमनाही माहीत नाही. यादी दुसऱ्या विभागाच्या कपाटात बंद. "मला कळलं तर माझा हात लबाडी करेल," म्हणाल्या. स्वतःच्या हातावर एवढा संशय घेणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

सोमवार, १५ एप्रिल

एक गोष्ट केली. कुणाला सांगणार नाही, इथे लिहितो.

ताईच्या पायाखाली आई मऊ फडकं घालते, जुनं, धुऊन धुऊन विरलेलं. त्यावर तिला जरा बरं वाटतं. तर हात पुसायचे पांढरे कागद असतात ना, त्यांच्या पट्ट्या फाडल्या, भुशाच्या पिशवीत घालून वाफेच्या भट्टीतून काढल्या (घाण नको) आणि सुट्टी होताना नऊ डब्यांत टाकल्या. जे जास्त पाय उचलतात तेच निवडले: ३, ६, ८, ९, ११, १४, १७, २०, २२. सकाळी मॅडम यायच्या आत काढून घ्यायच्या. काका सकाळी त्यांचं रजिस्टर बघत असतात, माझे डबे नाहीत.

कागदाने कुणाचं काय बिघडणार आहे.

बुधवार, १ मे

पंधरा दिवस सगळ्यांनी पट्ट्या होत्या तिथे ठेवल्या. फार तर वर जाऊन बसायचे. या आठवड्यात गंमत सुरू झालीय. तीन नंबरने दातांनी पट्ट्यांच्या बारीक झिरमिळ्या केल्या आणि कोपऱ्यात गोल घरटं बांधलं. आत स्वतः, बाहेर फक्त नाक. मग नऊनेही बांधलं. आज सतरा आणि बावीस.

६, ८, ११, २० आळशी. कागद तसाच पडून. मी शाळेत असाच होतो.

चौदाने पण बांधलंय, पण काय ते बांधकाम! एका बाजूने उघडं, वाकडं, अर्धी झिरमिळी डब्यात पसरलेली. त्यात पाय वर धरून बसला होता, घरमालकासारखा.

आता मी रोज ताईच्या छापील रकान्यांत लिहितो. जिथे उंची छापलंय तिथे घरट्याची उंची, बोटाच्या पेरांत. कंबरेच्या रकान्यात गोल की वाकडं. हसू येतं. आणि माझा नऊ आता नऊसारखा दिसायला लागलाय.

गुरुवार, ९ मे

आईचा फोन. "ताईशी बोलतोस का?" म्हटलं, साहेब बोलावतायत, नंतर करतो. इथे कुणी साहेब नाही.

सोमवार, २० मे

मोडायला वाईट वाटतं. रोज सकाळी मी त्यांची घरटी उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकतो. रोज संध्याकाळी नव्या पट्ट्या देतो. दुसऱ्या दिवशी परत बांधलेलं. ३, ९, १७, २२, रोज, गोल, दोन पेरं उंच. चौदासुद्धा रोज. वाकडं, पण रोज.

मी असतो तर तिसऱ्या दिवशी काम सोडलं असतं.

बुधवार, ५ जून

मॅडम दर पंधरा दिवसांनी तपासणी करतात. उंदीर जाळीवर ठेवायचा, खालून पंजाला प्लास्टिकचा केस टेकवायचा. बारीक केसापासून सुरुवात, मग जाड, आणखी जाड. कितव्याला पाय उचलतो ते लिहायचं. आज मॅडमचा चेहरा उतरलेला होता. काकांना म्हणाल्या, "काही उंदीर एका वेळी एक सांगतात, पंधरा दिवसांनी भलतंच. आकडे कुठेही पसरलेत. असं व्हायला नको."

काका म्हणाले, "हवा, पाणी, उजेड, सगळं तेच आहे. माझ्याकडून काही बदल नाही."

"मग माझाच हात," मॅडम म्हणाल्या.

मी भुसा भरत होतो. पिशवी खाली ठेवली, परत उचलली. म्हटलं, कागदाचा आणि याचा काय संबंध.

शुक्रवार, १४ जून

संबंध आहे.

धुलाईवाल्याला सहज विचारलं, उंदराखाली मऊ असलं तर काही फरक पडतो का रे? तो म्हणाला, "पडतो तर! आधीच्या ठिकाणी एकदा भुशाची कंपनी बदलली तर तीन महिन्यांचं काम फेकलं होतं त्यांनी. टोकदार भुशावरचा पाय वेगळा, मऊ भुशावरचा वेगळा. रोज हलवाहलव केली तरी उंदीर बिथरतो."

दुपारी मॅडम डबे धुवायच्या खोलीत होत्या. यंत्र चालू होतं, वाफ, कानठळ्या बसणारा आवाज. मला वाटलं डोळ्यांत वाफ गेली असेल. मग कळलं, नाही. तिथे कुणाला ऐकू जात नाही म्हणून त्या तिथे उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "काही नाही रे. वर सांगून टाकणार आहे, की तपासणीचं काम दुसऱ्या कुणाला द्या. माझा हात स्थिर नाही."

तो हात मी बघितलाय. इंजेक्शन देताना उंदराला कळतसुद्धा नाही.

मी तिथेच बोलायला हवं होतं. डबे उचलले आणि बाहेर आलो.

रविवार, १६ जून

सकाळी बॅग भरली. गॅरेज सोडताना भरली तशी, दहा मिनिटांत. मापवही सगळ्यात वर ठेवली आणि मग तिच्याकडे बघत बसलो.

दुपारी घरी फोन लावला. आईने उचलला, मीच म्हटलं ताईला दे. आई इतकी दचकली की फोन तिच्या हातून पडला.

ताई म्हणाली, "काय रे भोवऱ्या, कुठली नोकरी सोडलीस?"

"अजून नाही. सोडतोय." मग सगळं सांगितलं. उंदीर, कागद, मॅडम. संपल्यावर ताई म्हणाली, "म्हणजे तुझ्या चुकीला ती बाई स्वतःचा हात दोषी धरून बसलीय, आणि तू बॅग भरलीस."

"हो."

"वा."

तो वा मला लागला. आणि मग जे आलं ते मी ठरवून बोललो नाही. म्हटलं, "ताई, त्या दिवशी वळणावर तू हळू म्हणाली होतीस."

"हो."

"मला ऐकू आलं होतं. तरी हळू केली नाही."

मग म्हणाली, "मला माहीत आहे. तुझ्या मानेवरून कळलं होतं. दीड वर्ष वाट बघतेय तू म्हणशील म्हणून."

"तुला राग नाही?"

"आहे ना. पायाचा आहे थोडा. तू फोन करत नाहीस त्याचा जास्त."

"फोन केला की विचारावं लागतं, दुखतंय का."

"मग नको विचारूस! सगळे तेच विचारतात. हो म्हटलं की चेहरे पडतात, नाही म्हटलं की खोटं बोलावं लागतं. दुसरं काहीतरी विचार."

मग म्हटलं, "आज काय केलंस?"

ती हसली. "शेजारच्या छोटीच्या फ्रॉकला हाताने दोन काजं केली. पाय उशीवर ठेवून. एक वाकडं झालं."

गाडी घसरली असं मी मागे लिहिलंय. गाडी मी घसरवली. ते पान खोडत नाही, इथे लिहून ठेवतो.

बॅग रिकामी केली.

सोमवार, १७ जून

सातला पाच कमी असताना पोचलो. मॅडम आल्यावर काकांसमोरच सांगितलं.

काका आधी पांढरे पडले, मग लाल. "अरे गाढवा! वर्षभराचं काम! मी छातीठोकपणे सांगतोय की काही बदल नाही, आणि तू माझ्या नाकाखाली उंदरांना गाद्या घालतोयस!"

मॅडम ओरडल्या नाहीत. ते जास्त वाईट. "कुठले डबे?"

सांगितले.

"कुठल्या दिवसापासून? रोज? एखादा दिवस चुकला? काढायचास कधी?"

"सगळं लिहिलंय मॅडम."

"कुठे?"

"वहीत. आणि कुणी घरटं बांधलं, किती उंच, तेपण."

मॅडम खुर्चीत बसल्या. "घरटं?"

"काही बांधायचे. काही आळशी होते."

"आण ती वही."

तेव्हा आठवलं त्यात सुतळी आहे, घड्याळ आहे, ताई आहे. म्हटलं, मी स्वच्छ अक्षरात उतरवून देतो, एका दिवसात. त्या म्हणाल्या, "उतरवलेल्याला किंमत नाही. त्या त्या दिवशी लिहिलेलं हवं, जसं असेल तसं."

दिली. आजचं हे एका सुट्या कागदावर लिहितोय, नंतर चिकटवीन.

बुधवार, १९ जून

वही परत मिळाली. मॅडमनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "सुतळी?"

मी जमिनीकडे बघितलं.

"माझी आई काडी म्हणायची. सुतळी बरं आहे." मग म्हणाल्या, "दुखणाऱ्या उंदराला घरटं सुचत नाही. अंगात बरं वाटलं तरच तो बांधायला घेतो. मी केस टोचून विचारत होते, दुखतंय का, दुखतंय का. तू त्यांना कागद दिलास आणि बघत बसलास." आणि म्हणाल्या, "तरी तू चूक केलीस. हे दोन्ही खरं आहे."

माझ्या घरट्यांच्या पानांची प्रत त्यांनी सही आणि तारीख घालून त्या दुसऱ्या विभागात जमा केलीय, यादी उघडायच्या आधी. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बघून लिहिलं.

नऊ डबे अभ्यासातून बाद. मला लेखी ताकीद आणि दोन आठवडे धुलाई. कामावरून काढलं नाही.

जाता जाता मॅडम म्हणाल्या, "बहिणीची पानं पण बघितली, माफ कर. शेवटचं माप कुणाचं आहे, तू बघितलंस का?"

म्हटलं, मी ती उघडत नाही.

"बरं," म्हणाल्या.

सोमवार, १ जुलै

यादी उघडली. मला धुलाईतून बोलावून घेतलं. काका दाराशी हाताची घडी घालून, जणू त्यांना काही पडलेलीच नाही.

मॅडम माझी प्रत घेऊन एकेक वाचत गेल्या. तीन, घरटं: औषध. नऊ, घरटं: औषध. सतरा: औषध. बावीस: औषध. माझे कान गरम झाले. सहा, नाही: रिकामं. अकरा: रिकामं. वीस: रिकामं. आठ, घरटं नाही: औषध. "हा एक आपल्याला फसवून गेला," मॅडम म्हणाल्या.

"आणि चौदा?"

"चौदा, घरटं." बोट सरकवलं. "रिकामं पाकीट."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे त्याला काहीच दिलं नव्हतं?"

"काहीच नाही."

"पण तो रोज बांधायचा!"

"वाकडं, असं तूच लिहिलंयस. असतात असे एखाददोन. म्हणून तर एका उंदरावरून काही ठरवत नाहीत. नऊवरूनही नाही." पण त्यांचा चेहरा वेगळाच होता. उरलेल्या पंधरांचे आकडे त्यांनी बाजूला काढून बघितले, तर पसारा गेला. औषधवाले जाड केसापर्यंत थांबतात, बाकीचे बारीक केसालाच पाय उचलतात. म्हणजे हात त्यांचा स्थिरच होता. पुन्हा एक फेरी करायची, चोवीसच्या जागी अठ्ठेचाळीस, आणि या वेळी सगळ्या डब्यांत कागद, सारखा, मोजून, काढायचा नाही. रोज सकाळी घरट्याला गुण द्यायचे.

"गुण कोण देणार?" काकांनी विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

काका म्हणाले, "त्याचा एक आणि नऊ?"

"वाचता येतात. मी अख्खी वही वाचलीय. घड्याळासकट."

काकांनी मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचे डोळे एवढे मोठे झालेले मी कधी बघितले नव्हते.

माणसांपर्यंत कधी येणार, हे मी परत विचारलं. या वेळी खरं कारण सांगून. मॅडम म्हणाल्या, "पाच वर्षं की पंधरा, आज सांगणारा खोटं बोलेल. उंदरात बरं झालेलं माणसात नेहमी होत नाही. पण मी करतेय. आणि मी काही इतक्यात म्हातारी होत नाही."

ताईला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "पंधरा तर पंधरा. मी कुठे पळून चाललेय?" आणि मग, "त्या चौदाचं परत सांग."

शुक्रवार, १९ जुलै

फेरी संपली की उंदीर ठेवत नाहीत. नस आणि कणा तपासावा लागतो. काकांनी विचारलं, "बाहेर जातोस की थांबतोस?"

थांबलो. भूल देतात, झोपतो, मग उठत नाही. चौदाला मीच डब्यातून उचलून दिलं. हातमोज्यातून त्याची ऊब लागत होती.

काका म्हणाले, "पळाला नाहीस."

ताईला आज फक्त विचारलं, काय केलंस. म्हणाली, "एक कॉलर. उसवली. परत घातली."

सोमवार, १२ ऑगस्ट

नवे अठ्ठेचाळीस आलेत. प्रत्येकाला दोन पट्ट्या, वजन करून. गुण शून्य ते पाच. शून्य म्हणजे कागद तसाच, पाच म्हणजे चारी बाजूंनी बंद. कुणाला काय मिळणार ते मला माहीत नाही आणि नकोच. माझे डोळे लबाडी करतील.

मॅडमनी वरच्या सभेत इस्त्रीची गोष्ट सांगितली. लोक हसले म्हणे, आणि मग नीट ऐकायला लागले.

काका हल्ली मुद्दाम मला वेळ विचारतात. स्वतःच्या मनगटावर घड्याळ असताना.

बुधवार, ४ सप्टेंबर

सहा महिने झाले. ताईच्या लक्षात होतं. सकाळीच फोन: "शर्ट बेतायचाय. माप पाठव."

म्हटलं, "अगं, तू शिवणार कशी?"

"हाताने. तुझं तू बघ, माझं मी बघते. रोज एक शिवण. दुखलं की थांबते, थांबले की परत घेते. दिवाणावर कापड पसरलंय, आई ओरडतेय. माप पाठव."

आणि वहीसुद्धा आज संपली. हे माझं शेवटचं पान. उलटलं की ताईचं. उघडत नाही म्हटलं होतं, पण आता मध्ये काही उरलंच नाही. उघडलं.

तिचं शेवटचं माप माझं आहे. वर लिहिलंय "भोवरा, शर्ट". उंची, छाती, बाही, सगळ्या आकड्यांसमोर प्रश्नचिन्ह. खाली तिच्या अक्षरात: "उभा राहत नाही. माप अंदाजे." तारीख गाडी घसरवली त्या दिवसाची आहे. सकाळी टेप लावला होता तिने, मी टेपखालून निसटून गाडीची किल्ली शोधत होतो. चल सोडतो तुला, मापं नंतर घे, म्हटलं होतं.

दुपारच्या सुट्टीत धुलाईवाल्याकडून मोजपट्टी आणली. काकांना म्हटलं, जरा माप घेता का. काका चष्मा सावरून उभे राहिले. "मी काय शिंपी आहे?" म्हणाले आणि पट्टी खांद्याला लावली. मॅडम आल्या होत्या, त्यांनी आकडे लिहून घेतले. काका प्रत्येक माप दोनदा घेत होते, रजिस्टरसारखं. बाहीला आले तेव्हा म्हणाले, "हलू नकोस."

नाही हललो.

छाती छत्तीस, शर्टाची उंची एकोणतीस, खांदा साडेसतरा, बाही चोवीस. ताईचा अंदाज बाहीत फक्त अर्ध्या इंचाने चुकला होता. तिची प्रश्नचिन्हं खोडली नाहीत. त्यांच्या बाजूला माझ्या अक्षरात आकडे लिहिले, एक एकसारखा आणि नऊ नऊसारखा, आणि खाली लिहिलं: उभा राहिला. माप बरोबर.